डोक्याला दिलेला लाईट: कॅन्सर बरा झाल्यावर पुढे काय बघायचं?

सप्टेंबर महिना आला की लहान मुलांच्या कॅन्सरच्या बातम्या येतात. सोनेरी फीत, बरे झालेल्या मुलांचा सत्कार, शाल, नारळ, फोटो. तो फोटो खराच असतो. पण त्याच मुलाचं दहा वर्षांनी काय झालं, याची बातमी कुणी करत नाही. आपल्या खानदेशात घरच्यांचा प्रश्न साधा असतो: "पोऱ्या बरा व्हई गया, आते काय?"

एक नमुना घेऊ. सहाव्या वर्षी मेंदूतली गाठ काढली, मग मुंबईत दीड महिना लाईट, म्हणजे किरणांचा उपचार, घेतला, वर्षभर केमो झाली. आता मुलगा आठवीत आहे. वर्गात सगळ्यांत बुटका. गणित येतं, पण पेपर अर्धाच सोडवून होतो. चैत्र-वैशाखात जरा उलटी-जुलाब झाले की एकदम गळून पडतो. आई म्हणते अशक्तपणा, गुरुजी म्हणतात लक्ष नाही, शेजारी म्हणतात लाडावलाय. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं: आठ वर्षांपूर्वी डोक्याला दिलेला लाईट. आणि तिन्हींवर काही ना काही करता येतं, फक्त ते मुद्दाम शोधावं लागतं.

'शेक' हे नाव फसवं आहे

रेडिओथेरपीला आपल्याकडे कुणी 'लाईट' म्हणतं, कुणी 'शेक'. शेक म्हटलं की वाटतं डोकं भाजलं. तसं काही होत नाही. किरणांचा डोस 'ग्रे' या एककात मोजतात. मेंदूच्या गाठीला साधारण ५४ ग्रे देतात. ही सगळी ऊर्जा एकदम पाण्यात सोडली तरी पाणी अंशाच्या शंभराव्या भागाइतकंच तापेल. किरण उष्णतेने मारत नाहीत. ते पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. कॅन्सरच्या पेशीला ते धागे नीट जोडता येत नाहीत आणि ती दुभंगताना मरते. चांगली पेशी बरंचसं जोडून घेते.

म्हणूनच डोस एकदम देत नाहीत. रोज १.८ ग्रे, आठवड्यात पाच दिवस, असे ३० दिवस. सहा आठवड्यांत ५४ ग्रे पूर्ण. मधल्या वेळात चांगल्या पेशींना डागडुजी करता यावी हा हेतू. पण डागडुजी शंभर टक्के होत नाही, आणि या लेखात आहे ते सगळं त्या उरलेल्या, न जोडलेल्या धाग्यांचं.

किती भागाला किती डोस, यावर पुढचं बरंच ठरतं. मेड्युलोब्लास्टोमा या लहान मुलांत आढळणाऱ्या गाठीत फक्त गाठीच्या जागेला लाईट देऊन भागत नाही, कारण पेशी पाठीच्या कण्यातल्या पाण्यातून खाली उतरतात. म्हणून पूर्ण मेंदू आणि पूर्ण कणा यांना २३.४ ग्रे, धोका जास्त असेल तर ३६ ग्रे देतात, आणि गाठीच्या जागी भर घालून एकूण ५४ पर्यंत नेतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये डोस कमी असतो: पूर्वी २४ ग्रे, मग १८, पुढे १२, आणि आज बहुतेक मुलांना डोक्याला लाईट लागतच नाही.

मग तेव्हा दिलाच कशाला?

हा प्रश्न आईबापांच्या मनात रागाने येतो, म्हणून आधीच त्याचं उत्तर. १९६०च्या दशकात रक्ताच्या कॅन्सरवर औषधं मिळाली, मुलं बरी झाल्यासारखी दिसू लागली, आणि निम्म्याहून अधिक मुलांत रोग मेंदूच्या आवरणात परत आला. गोळ्या-इंजेक्शनं तिथे नीट पोचत नव्हती. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांच्या चमूने १९६७च्या सुमारास डोक्याला २४ ग्रे लाईट आणि पाठीच्या कण्यातून औषध असा मार्ग काढला. जवळपास निम्मी मुलं कायमची बरी झाली. त्याआधी जवळपास सगळी जात होती. लाईटचे दुष्परिणाम पुढे कळले आणि तिथपासून डोस कमी करत, शक्य तिथे टाळत आजपर्यंतचा प्रवास झाला. २००९ साली त्याच रुग्णालयाने दाखवून दिलं की औषधं नेमकी वापरली तर रक्ताच्या कॅन्सरमध्ये डोक्याचा लाईट पूर्ण वगळूनही मुलं बरी होतात.

मेंदूच्या गाठींत तेवढं सुदैव नाही. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला शक्यतो केमोवर ठेवून लाईट पुढे ढकलतात. मोठ्या मुलाला मात्र मेड्युलोब्लास्टोमात लाईट टाळणं म्हणजे रोगाला दार उघडं ठेवणं. तेव्हा लाईट दिला ही डॉक्टरची चूक नव्हती. त्याचा हिशेब पुढे ठेवायला कुणी सांगितलं नसेल, तर ती चूक आहे.

आज दिलेला लाईट दहा वर्षांनी का बोलतो

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पौष महिन्यातल्या कडक थंडीचा फटका बसतो तेव्हा खोडाच्या आत घड तयार होत असतो. बाहेरून पोंगा हिरवाच दिसतो. महिन्यांनी निसवणीची, म्हणजे घड बाहेर पडायची, वेळ येते तेव्हा घड अडकतो, नाहीतर वेडावाकडा निघतो. नुकसान थंडीतच झालेलं असतं. ते दिसतं तेव्हा, जेव्हा झाडाने पुढचं काम करायचं असतं.

मुलाच्या मेंदूचंही तसंच. जन्मताना मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या साधारण पाव असतं, सहाव्या वर्षापर्यंत ते नव्वद टक्क्यांच्या पुढे जातं. पण वजन झालं म्हणजे काम झालं असं नाही. मेंदूतल्या तारांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन चढतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं, आणि हे काम विशी ओलांडेपर्यंत चालतं. हे वेष्टन चढवणाऱ्या पेशी किरणांना फार नाजूक. शिवाय नव्या आठवणी नोंदवणाऱ्या भागात काही मूळपेशी आयुष्यभर दुभंगत असतात; त्याही मरतात. तिसरा मार बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर.

म्हणून वय इतकं महत्त्वाचं. तोच डोस तीन वर्षांच्या बाळाला आणि पंधरा वर्षांच्या मुलाला दिला तर परिणामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सात वर्षांच्या आत, त्यातही तीनच्या आत, धोका सर्वांत मोठा.

एक गोष्ट इथे वेगळी काढली पाहिजे. लाईट संपल्यावर चार ते आठ आठवड्यांनी काही मुलं दिवसदिवस झोपून राहतात, जेवत नाहीत, चिडचिड करतात. घरच्यांना वाटतं रोग परत आला. बहुतेक वेळा ही तात्पुरती सुस्ती असते आणि काही आठवड्यांत जाते. डॉक्टरला दाखवायचंच, पण धीर सोडायचा नाही.

हुशारी जात नाही, वेग जातो

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. 'लाईटने मुलगा मंद झाला' असं लोक म्हणतात. मोजून पाहिलं तर बहुतेक मुलं शिकलेलं विसरत नाहीत. ती नवीन शिकतात, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा हळू. दरवर्षी अंतर थोडं वाढतं. म्हणून तिसरीत फरक जाणवत नाही आणि आठवीत डोळ्यांत भरतो. बुद्ध्यांकाचा आकडा खाली येताना दिसतो त्याचं कारणही हेच: तो आकडा वयाच्या तुलनेत काढतात, आणि वय थांबत नाही.

नेमकं काय मागे पडतं? तीन गोष्टी. विचाराचा वेग, लक्ष टिकवणं, आणि काम करताना डोक्यात धरून ठेवायची आठवण, म्हणजे हातचा एक धरून पुढची बेरीज करणं. सुरत–नागपूर महामार्ग धुळे-जळगावात दुपदरी होता तेव्हाचे दिवस आठवा. माल पोचत होता. वेळ दुप्पट लागत होता, आणि पुढे एखादी बैलगाडी आली की सगळंच खोळंबायचं. या मुलांच्या डोक्यात ज्ञान असतं. फळ्यावरचं वहीत उतरवेपर्यंत गुरुजी फळा पुसतात.

त्यामुळे उपायही वेगाचे हवेत. एका वेळी एकच सूचना. छापील टिपणं, म्हणजे उतरवून घेण्यात जीव जात नाही. दहा गणितांऐवजी पाच, पण नीट. तोंडी उत्तराची मुभा. पहिल्या बाकावर जागा, आणि तीसुद्धा ज्या कानाने बरं ऐकू येतं तो कान शिक्षकाकडे होईल अशी. लक्ष फारच उडत असेल तर मिथाइलफेनिडेट या औषधाचा काही मुलांना उपयोग होतो. ते मेंदूच्या किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

बुद्धिचाचणी केमो-लाईट संपल्यावर एकदा आणि पुढे शाळेच्या प्रत्येक वळणावर करावी: पहिलीत जाताना, पाचवीत, आठवीत, दहावीआधी. एक सावधगिरी मात्र हवी. घरात अहिराणी, तावडी, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाची शब्दसंपत्ती पुस्तकी मराठीत मोजली तर निकाल उगाच खाली येतो. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या आदिवासी भागातल्या मुलाबाबत तर हा निकाल निरर्थकच ठरू शकतो. चाचणी घेणाऱ्याला घरची भाषा कोणती हे आधी सांगा. वेग आणि लक्ष मोजणारे भाग, जे आकडे आणि चित्रांवर चालतात, ते जास्त भरवशाचे.

बोर्डाच्या परीक्षेचं काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, श्रवणदोष, अल्पदृष्टी, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार हे सगळे त्यात येतात. पात्र मुलाला तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक मिळतो. ज्याचा पेपर वेगामुळे अर्धा राहतो त्याच्यासाठी ही २० मिनिटं म्हणजे पास-नापासमधला फरक. अडचण अशी की या मुलांचा बुद्ध्यांक बरेचदा ८५-९०च्या आसपास असतो आणि 'बौद्धिक अक्षमते'च्या रकान्यात ती बसत नाहीत. मग कागद परत येतो आणि पालक गप्प बसतात. बसू नका. अर्ज ज्या रकान्यात खरा बसतो त्यात करा, सोबत उपचाराचा सारांश आणि चाचणीचा अहवाल जोडा, आणि हे नववीतच सुरू करा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून हाती काही लागत नाही.

उंची का थांबली: मोटार आणि स्टार्टर

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, तिच्या वर तिला हुकूम देणारा भाग. शरीरातल्या बाकी ग्रंथी म्हणजे विहिरीवरच्या मोटारी, आणि ही वरची जोडी म्हणजे स्टार्टर. मोटार चांगली असून स्टार्टर गेला तर पाणी येत नाही, तसं हे.

लाईटने स्टार्टरचे खटके एका ठरावीक क्रमाने जातात. सर्वांत आधी वाढीचं हार्मोन. १८ ग्रेपासूनच धोका सुरू होतो. थायरॉईड, कॉर्टिसॉल आणि वयात येण्याचे खटके साधारण ३० ग्रेच्या पुढे जायला लागतात. आणि लगेच नाही. दोन, पाच, दहा वर्षांनीही.

घरी करायचं काम फुकटचं आहे: दर सहा महिन्यांनी उंची मोजा. चप्पल काढून, टाचा भिंतीला, डोक्यावर पुस्तक आडवं, भिंतीवर तारखेसह रेघ. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वर्षाला चारपेक्षा कमी भरलं तर थांबू नका. 'बापही बुटकाच होता' हे उत्तर लाईट घेतलेल्या मुलाला लागू नाही.

यात एक सापळा आहे, आणि त्यात डॉक्टरही सापडतात. काही मुलं लाईटनंतर वेळेआधी वयात येतात: मुलीला आठच्या आत छाती येणं, मुलात नऊच्या आत बदल. तेव्हा उंची झपाट्याने वाढते आणि सगळे खूश होतात. पण हाडांची टोकं लवकर बंद होतात आणि वाढ कायमची थांबते. वाढीचं हार्मोन कमी असूनही तक्ता छान दिसतो, कारण एक बिघाड दुसऱ्याला झाकतो. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहिलं की हे उघडं पडतं. मुलग्यांत वृषणाच्या आकारावरून वयात येणं ओळखतात, पण केमोने वृषण लहानच राहिलं असेल तर ती खूण फसवते, रक्ततपासणी लागते.

कण्याला लाईट मिळाला असेल तर धड आखूड राहतं, पाय त्यामानाने लांब. म्हणून बसून उंचीही मोजावी. वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन कण्याची ती भर पूर्ण करत नाही, हे आधी सांगितलं म्हणजे नंतर निराशा होत नाही.

'त्या इंजेक्शनने कॅन्सर परत येतो' ही भीती सगळीकडे ऐकू येते. रोग नसल्याची खात्री करून साधारण वर्षभर थांबून मगच ते सुरू करतात, आणि अशा प्रकारे घेतलेल्या मुलांच्या मोठ्या पाहण्यांत मूळ रोग परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. खानदेशात खरी अडचण वेगळीच: ते इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि मे महिन्यात इथे पारा ४५ला टेकतो. इन्सुलिनसाठी लोक माठ वापरतात. बहुतेक वाढ-इंजेक्शनांना तेवढा गारवा पुरत नाही. फ्रिजमध्ये ठेवताना बर्फाच्या कप्प्याला चिकटू देऊ नका, गोठलं की वाया. प्रवासात बर्फ आणि इंजेक्शनचं पेन यांच्यामध्ये टॉवेलची घडी हवी.

आता थायरॉईड. गावातली लॅब 'टीएसएच' करते आणि 'नॉर्मल' लिहून देते. साध्या थायरॉईडच्या आजारात ते पुरतं: मोटार बिघडली की स्टार्टर जोरात ओरडतो, टीएसएच वाढतं. पण इथे ओरडणारा स्टार्टरच गेलेला असू शकतो. टीएसएच नॉर्मल आणि थायरॉईड मात्र कमी. म्हणून चिठ्ठीवर 'फ्री टी-४ आणि टीएसएच' दोन्ही लिहून घ्या, दरवर्षी (फ्री टी-४ म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन). कण्याला लाईट मिळालेल्या मुलांत गळ्यातली ग्रंथीही किरणांच्या वाटेत येते, त्यामुळे मोटारही बिघडू शकते आणि पुढे गाठही होऊ शकते. गळा हाताने चाचपून पाहणं वर्षातून एकदा हवंच.

उलटी-जुलाब आणि दवाखान्यातले दोन तास

या भागात जीव जाऊ शकतो, म्हणून सावकाश वाचा.

कॉर्टिसॉल हे संकटातलं हार्मोन. ताप, जुलाब, अपघात, ऑपरेशन अशा वेळी शरीर ते कित्येक पट वाढवून रक्तदाब आणि साखर सावरतं. ज्या मुलात हा खटका गेलाय ते एरवी बरं दिसतं, थोडं थकतं एवढंच. मग एप्रिलमध्ये लग्नातलं जेवण बाधतं, चार उलट्या होतात, ऊन डोक्यावर, आणि दुपारपर्यंत मूल थंडगार, गुंगीत. लोक म्हणतात ऊन लागलं. सलाईन लागतं, पण फक्त सलाईनने ते उठत नाही.

३० ग्रेच्या पुढे लाईट मिळालेल्या मुलाचं सकाळी आठचं कॉर्टिसॉल वर्षातून एकदा तपासावं. आठचं म्हणजे आठचंच. तालुक्याहून बसने येऊन अकराला रक्त दिलं तर आकडा खोटा कमी येतो. मुक्काम जिल्ह्याला करा, नाहीतर गावाजवळच्या संकलन केंद्रावर सकाळी नमुना द्या.

कमी निघालं तर रोज हायड्रोकॉर्टिसोनची गोळी, म्हणजे कॉर्टिसॉलच्या जागी घ्यायचं स्टेरॉईड. ताप आला की डॉक्टरने लिहून दिलेल्या प्रमाणात दुप्पट-तिप्पट. गोळी पोटात टिकत नसेल, उलटून पडत असेल, तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, तेही लगेच: तीन वर्षांच्या आत २५ मिलिग्रॅम, तीन ते बारा ५०, पुढे १००. इंजेक्शन घरात ठेवा, आणि ते देण्याचं पत्र डॉक्टरकडून मराठी-इंग्रजीत लिहून घ्या, कारण रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात जो कुणी ड्यूटीवर असेल त्याला या मुलाचा इतिहास ठाऊक नसतो. ही गोळी मनाने बंद करायची नाही. 'स्टेरॉईड वाईट' हे वाक्य इथे चालत नाही. बाहेरून जादा दिलेलं वेगळं, आणि शरीरात नसलेलं भरून काढणं वेगळं.

थायरॉईड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसॉलची गोळी, नंतर थायरॉईडची. उलटं केलं तर थायरॉईडचं औषध उरलंसुरलं कॉर्टिसॉल वेगाने संपवतं आणि मूल संकटात जातं.

कान, दात, डोळे, डोक्यावरची कातडी

गाठ मेंदूच्या मागच्या भागात असेल तर आतला कान लाईटच्या वाटेत येतो, आणि सिसप्लाटिन हे केमोचं औषधही कानाला लागतं. आधी उंच स्वर जातात. मूल हाक ऐकतं, पण 'साप' आणि 'ताप' यांत गोंधळतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, दरवर्षी.

पाचच्या आत लाईट मिळालेल्या मुलांत पक्क्या दातांची मुळं आखूड राहतात. तारा बसवण्याआधी दंतवैद्याला हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर ओढाताणीत दात हलतात. डोळ्यात कमी वयात मोतीबिंदू होऊ शकतो. डोक्यावर जिथे डोस जास्त होता तिथे केस कायमचे विरळ राहतात, आणि त्या कातडीवर आपलं ऊन थेट पडतं. पुढे त्वचेचा कॅन्सर होऊ नये म्हणून टोपी किंवा रुमाल ही सवयच करावी.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे कान, डोळे, दात, वाढ पाहतं आणि पुढे पाठवतं. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा, आणि लाईटचा कागद दप्तरात द्या.

रक्तवाहिन्या, आणि नवी गाठ

इथे धोका खरा आहे, पण त्याचं वजन नीट पाहिलं पाहिजे. लाईटने मेंदूच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात, त्यामुळे तिशी-चाळिशीतच पक्षाघात येऊ शकतो. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते एमआरआयमध्ये योगायोगाने सापडतात, आणि बहुतेकांना फक्त नजरेखाली ठेवायचं असतं. वर्षांनुवर्षांनी तीव्र डोकेदुखीसह एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं असाही एक प्रकार दिसतो आणि तो बरेचदा निवळतो. पण पक्षाघात आहे की हे, ते घरी ठरवता येत नाही. तोंड वाकडं झालं की थेट मोठ्या दवाखान्यात, आणि 'लहानपणी डोक्याला लाईट घेतला होता' हे पहिलं वाक्य. रक्तदाब, साखर, चरबी विशीपासूनच सांभाळायची. तंबाखू आणि गुटखा यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. या मुलांच्या रक्तवाहिन्यांवर तो दुसरा लाईट आहे.

लाईटमुळेच नवी गाठ होऊ शकते का? हो. इस्राएलमध्ये १९५०च्या दशकात डोक्यावरच्या नायट्यासाठी हजारो मुलांना किरण दिले होते, मेंदूला साधारण दीड ग्रे. अनेक वर्षांनी त्यांच्यात मेंदूच्या आवरणाच्या गाठी लक्षणीय वाढलेल्या आढळल्या. कॅन्सरच्या उपचारातला डोस कित्येक पट मोठा. आवरणाच्या गाठी बहुधा वीसेक वर्षांनी येतात, हळू वाढतात आणि काढता येतात. दुसऱ्या, जास्त वाईट गाठी लवकर येतात, पण त्या कमी. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, नव्याने झटके, चालताना तोल जाणं ही लक्षणं दिसली तर एमआरआय. त्यात किरण नसतात, त्यामुळे 'परत लाईट नको' म्हणून तो टाळू नये. किरण असतात ते सीटी स्कॅनमध्ये, आणि तो मात्र कारण असल्याशिवाय करू नये.

प्रोटॉनने हे सगळं टळेल?

नेहमीचे किरण शरीरात एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. प्रोटॉन हे जड कण ठरलेल्या खोलीवर ऊर्जा सोडून थांबतात. कण्याला लाईट देताना समोरचं हृदय, गळा, अंडाशय वाचतात, हा मोठा फायदा. चेन्नईत २०१९ पासून आणि खारघरच्या टाटा केंद्रात २०२३ पासून ही सोय आहे. पण जिथे पूर्ण मेंदूलाच डोस द्यायचा असतो तिथे मेंदूला तो मिळतोच, कण कुठलेही असोत. ज्यांचा उपचार होऊन गेलाय त्यांना तर या बातमीचा काही उपयोग नाही.

एक कागद आणि रेल्वेचं तिकीट

उपचार संपताना 'ट्रीटमेंट समरी' मागून घ्या. त्यात पाच गोष्टी हव्यात: कॅन्सरचं नाव, लाईट कुठल्या भागाला, किती ग्रे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि केमोची औषधं डोससह. तीस किलोच्या फाईलपेक्षा हे एक पान मोलाचं. फोटो काढून दोन फोनमध्ये ठेवा. मूल अठराचं झालं की त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये. बरेच तरुण 'लहानपणी काहीतरी झालं होतं' एवढंच सांगू शकतात, कारण घरच्यांनी रोगाचं नावच लपवलेलं असतं.

उपचार संपून दोन वर्षं झाली की तपासणीचा हेतू बदलतो: रोग परत आला का यापेक्षा उपचाराने काय मागे ठेवलं हे शोधणं. टाटामध्ये यासाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी आहे. वर्षातून एकदा तिथे जावं. रक्त, कान, डोळे, दात ही कामं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी महाविद्यालयांत नाहीतर खासगीत उरकून अहवाल सोबत न्यावेत, म्हणजे मुंबईतले दिवस वाचतात. आणि भुसावळहून निघताना पूर्ण पैसे मोजू नका: कर्करुग्णाची रेल्वे सवलत नियमित तपासणीच्या प्रवासालाही असते. रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट.

आणि लग्न?

हा प्रश्न ओपीडीत शेवटी, दार ओढून घेत विचारला जातो, बहुतेक वेळा मुलीच्या आईकडून. रोग संसर्गाचा नाही. मोजकी आनुवंशिक कारणं सोडली तर तो पुढच्या पिढीत जात नाही, आणि लाईट घेतलेल्यांच्या मुलांमध्ये जन्मदोष वाढलेले आढळलेले नाहीत. पाळी आली नाही किंवा बंद पडली, तर कारण डोक्यातला स्टार्टर असू शकतो. तो हार्मोन देऊन चालवता येतो, मूलही होऊ शकतं. कण्याच्या लाईटने किंवा सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधाने अंडाशयच थकलं असेल तर गणित वेगळं, आणि पाळी वयाआधी जाऊ शकते. दोन्हींतला फरक रक्ताच्या एका तपासणीत कळतो. ती तेरा-चौदाव्या वर्षी करायची. पंचविशीत, बोलणी चालू असताना पहिल्यांदा करायला गेलं तर उपायाची बरीच वर्षं निघून गेलेली असतात.